क्लेममधील शब्दांचा व्यापक अर्थ : बजाज–टीव्हीएस पेटंट वादाचे परीक्षण

प्रस्तावना

दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये 'डबल प्लगची गाडी' हा शब्दप्रयोग आता जुना झाला आहे. खटकचिंचोळीहून भालकी किंवा हुमनाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा कोणताही मिस्त्री बजाजच्या पल्सर गाडीचे इंजिन दाखवून त्यातील दोन स्पार्क प्लग कोठे आहेत ते सांगू शकतो. मात्र या दोन प्लगमागे एक पेटंट होते आणि त्यावरून पुण्याची बजाज ऑटो व होसूरची टीव्हीएस मोटर या दोन कंपन्यांमध्ये बारा वर्षे वाद चालला, ही गोष्ट मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकविणाऱ्या अध्यापकांनाही फारशी माहीत नसते. वाणिज्य शाखेत पेटंट हा विषय व्याख्येपुरता येतो, तर तंत्रशाखेत तो येतच नाही. त्यामुळे पेटंटचा हक्क नेमका कशावर उभा असतो हा मूळ प्रश्न दोन्हीकडे सुटून जातो.

हा हक्क यंत्रावर नसून शब्दांवर उभा असतो. पेटंटच्या कागदपत्राच्या शेवटी काही वाक्ये लिहिलेली असतात. त्या वाक्यांत जे बसते ते पेटंटधारकाचे आणि जे बसत नाही ते सर्वांचे. साहजिकच त्या शब्दांचा अर्थ व्यापक घ्यावा की मर्यादित, यावर कारखान्यांचे भवितव्य अवलंबून राहते. प्रस्तुत लेखात बजाज–टीव्हीएस वादातील न्यायालयीन आदेशांचे परीक्षण याच एका प्रश्नापुरते केले आहे. दोन्ही कंपन्यांपैकी कोणाची बाजू खरी होती हे ठरविणे हा लेखाचा हेतू नाही. शब्दांचा अर्थ कोणत्या पायरीवर, कोणत्या पुराव्यावर आणि किती सुसंगतपणे ठरविला गेला, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

क्लेम म्हणजे काय?

प्रथम संज्ञेविषयी खुलासा आवश्यक आहे. पेटंटच्या कागदपत्रातील या वाक्यांना मराठीत 'दावा' म्हणता येईल. परंतु न्यायालयात दाखल होतो त्यालाही आपण दावाच म्हणतो. एकाच परिच्छेदात दोन्ही अर्थ आले की वाचकाचा गोंधळ उडतो. म्हणून येथे पेटंटमधील वाक्यासाठी 'क्लेम' व न्यायालयातील कारवाईसाठी 'दावा' असे शब्द योजले आहेत.

भारतीय पेटंट कायदा, १९७० मधील कलम १० प्रमाणे संपूर्ण विनिर्देशाचे साधारणपणे दोन भाग पडतात. पहिल्या भागात शोधाचे वर्णन, तो वापरण्याची रीत व शोधकाला माहीत असलेली उत्तम पद्धत द्यावी लागते. दुसऱ्या भागात क्लेम येतात व ते हक्काची हद्द आखतात. हे क्लेम स्पष्ट व नेमके असावेत आणि वर्णनात जे उघड केले आहे त्यावर आधारलेले असावेत, अशी अट त्याच कलमात आहे. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर वर्णन हे शेताची माहिती देते आणि क्लेम हे बांध घालतात.

बांध कोठे आहे हे पाहण्याची वेळ दोनदा येते. एकदा उल्लंघनाच्या प्रश्नात, म्हणजे शेजाऱ्याचे पाऊल आत पडले काय हे पाहताना. दुसऱ्यांदा वैधतेच्या प्रश्नात, म्हणजे बांध घालताना सरकारी रस्ताच आत घेतला गेला काय हे पाहताना. पेटंट मंजूर झाले म्हणून ते वैधच आहे असे कायदा मानत नाही. कलम १३(४) प्रमाणे कार्यालयीन तपासणी ही वैधतेची हमी नव्हे, आणि बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या भांडी बनविण्याच्या यंत्रासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच तत्त्व सांगितले. उल्लंघनाच्या दाव्यात प्रतिवादीला कलम १०७ अन्वये पेटंट रद्द करण्याची सर्व कारणे बचाव म्हणून मांडता येतात. अर्थात दोन्ही प्रश्न एकाच न्यायालयापुढे एकाच वेळी येतात, आणि दोन्हींचे उत्तर त्याच शब्दांच्या अर्थावर ठरते.

वादाची हकिकत

बजाज ऑटोला चार स्ट्रोक तत्त्वावर चालणाऱ्या सुधारित इंजिनाबद्दल पेटंट क्र. १९५९०४ मिळाले. त्याची अग्रक्रम तारीख १६ जुलै २००२ व मंजुरीची तारीख ७ जुलै २००५ ही होती. 'डीटीएस-आय' या नावाने हे तंत्र २००३ पासून पल्सर गाड्यांत बाजारात आले होते. शोधाची म्हणून सांगितलेली प्रमुख वैशिष्ट्ये तीन होती. पहिले, सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मि.मी. असलेले लहान इंजिन. दुसरे, हवेचे प्रमाण अधिक असलेल्या विरळ मिश्रणाचे ज्वलन. तिसरे, ते मिश्रण ठराविक क्षणी पेटविण्यासाठी स्पार्क प्लगची जोडी.

यामागील तांत्रिक विचार समजून घेणे इष्ट ठरेल. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा त्याहून वाढविली की पेट्रोल वाचते, परंतु ज्योत सावकाश पसरते व ज्वलन अपुरे राहण्याचा धोका वाढतो. दोन बाजूंनी ठिणगी पाडली तर प्रत्येक ज्योतीला कमी अंतर जावे लागते. मोठ्या सिलिंडरमध्ये ही युक्ती जुनीच होती. लहान सिलिंडरमध्ये मुळात अंतरच थोडे, त्यामुळे दुसऱ्या प्लगची गरज नाही असा साधारण समज होता. तो बाजूला ठेवून लहान इंजिनात विरळ मिश्रणासाठी दोन प्लग वापरणे यातच नावीन्य आहे, असा बजाजचा युक्तिवाद होता.

ऑगस्ट २००७ मध्ये टीव्हीएसने १२५ सीसीची 'फ्लेम' ही मोटारसायकल जाहीर केली. तिच्या सिलिंडरचा व्यास ५४.५ मि.मी. होता व तिच्यात दोन स्पार्क प्लग होते. मात्र झडपा तीन होत्या. बजाजच्या पेटंटमधील वर्णन दोन झडपांच्या इंजिनाचे होते. टीव्हीएसने पेटंट रद्द करण्यासाठी अर्ज केला आणि बजाजच्या धमक्या निराधार आहेत असे ठरवून मिळावे म्हणून मद्रास उच्च न्यायालयात दावाही लावला. बजाजने त्याच न्यायालयात उल्लंघनाचा दावा दाखल केला.

१६ फेब्रुवारी २००८ रोजी न्या. पी. ज्योतिमणी यांनी बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला. त्यानंतर टीव्हीएसने एका प्लगची फ्लेम बाजारात आणली. १८ मे २००९ रोजी त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने अपिलात हा हुकूम रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. मार्कंडेय काटजू व न्या. अशोककुमार गांगुली यांच्या पीठाने १६ सप्टेंबर २००९ रोजी टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली, विक्रीचा अचूक हिशेब ठेवण्यास सांगून त्यासाठी रिसीव्हर नेमण्यास फर्मावले आणि मूळ दावा ३० नोव्हेंबर २००९ पर्यंत निकाली काढावा असा आदेश दिला. बौद्धिक संपदेचे दावे वर्षानुवर्षे अंतरिम हुकुमावरच लढले जातात, याबद्दल न्यायालयाने स्पष्ट नापसंती व्यक्त केली. प्रत्यक्षात वाद त्यानंतरही दहा वर्षे रेंगाळला व ऑक्टोबर २०१९ मध्ये उभय कंपन्यांच्या तडजोडीने संपला.

एकाच शब्दांची दोन वाचने

एकल न्यायाधीशांनी क्लेमचा अर्थ लावताना हेतुलक्ष्यी वाचनाचा आधार घेतला. क्लेममधील प्रत्येक शब्दाला सारखे महत्त्व न देता शोधाचे सार कशात आहे ते पाहावे व किरकोळ फरक दाखवून कोणाला निसटू देऊ नये, असा या पद्धतीचा आशय आहे. लहान व्यास, विरळ मिश्रण व दोन प्लग हे सार मानले की तिसरी झडप ही केवळ भर ठरते. खंडपीठाने मात्र झडपांच्या संख्येला वजन दिले आणि दोन प्लगचे तंत्र पूर्वी कोणाकडे होते हेही पाहिले. टीव्हीएसने पुढे केलेले होंडा कंपनीचे १९८५ सालचे अमेरिकी पेटंट येथे महत्त्वाचे ठरले. बजाजचा प्रथमदर्शनी हक्क मनाई हुकुमाइतका सिद्ध होत नाही, असा खंडपीठाचा निष्कर्ष झाला.

पहिल्या वाचनाला चांगला वारसा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने १९७७ मध्ये राज प्रकाश विरुद्ध मंगतराम चौधरी या खटल्यात चित्रपट्टी पाहण्याच्या खेळण्याबाबत, क्षुल्लक बदल केल्याने उल्लंघन टळत नाही असे ठरविले. इंग्लंडमधील कॅटनिक खटला तर विधीच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. दारावरच्या पोलादी तुळईच्या क्लेममध्ये मागची पट्टी 'उभी' असावी असा शब्द होता. प्रतिस्पर्ध्याने ती आधी ६ अंशांनी व नंतर ८ अंशांनी कलती केली. एवढ्या कलाने तुळईच्या कामात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. बांधकामातला जाणकार माणूस 'उभी' म्हणजे भूमितीतील काटेकोर ९० अंश असे वाचणार नाही, असे ठरवून हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८० मध्ये उल्लंघन मान्य केले.

परंतु येथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. हेतुलक्ष्यी वाचन म्हणजे व्यापक वाचन नव्हे. कॅटनिकमध्ये शब्दाचा अर्थ थोडा सैल झाला तो कल नगण्य होता म्हणून. शब्द गाळला गेला नाही. झडपांचा प्रश्न या कसोटीवर सोपा राहत नाही. सिलिंडर हेडमध्ये जागा मोजकी असते आणि झडपा व प्लग एकमेकांशी त्या जागेसाठी स्पर्धा करतात. झडप वाढली की प्लगची जागा, कल व ज्योतीचा मार्ग बदलू शकतो. हा बदल शोधाच्या दृष्टीने नगण्य होता की महत्त्वाचा होता, हे इंजिन अभियंत्यांची साक्ष व उलटतपासणी झाल्याखेरीज सांगता येत नाही. एकल न्यायाधीशांचा आदेश हा टप्पा शपथपत्रांच्या आधारे ओलांडतो, आणि खंडपीठही तशाच साधनांवर उलट बाजूला पोहोचते. दोन्ही आदेशांत शब्दांचा अर्थ ठरविण्याची पायरी स्वतंत्रपणे उभी राहत नाही. उल्लंघन, वैधता व सोयीचे पारडे यांच्या ओघात ती मिसळून जाते. ही दोन्ही आदेशांची समान उणीव होय.

खंडपीठाच्या आदेशात एक गुण मात्र निश्चित आहे. उल्लंघन व वैधता हे प्रश्न शेजारी ठेवून पाहिल्यामुळे व्यापक वाचनाची किंमत त्यातून दिसून येते.

व्यापक वाचनाची किंमत

पेटंट कायद्यातील एक जुने सूत्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये पीटर्स खटल्यात मांडले. त्याचा आशय असा, की जी वस्तू पेटंटनंतर आली तर उल्लंघन ठरते, तीच वस्तू पेटंटपूर्वी असेल तर पेटंटला बाधक ठरते. हे सूत्र बजाजच्या क्लेमला लावून पाहता तीन पायऱ्या दिसतात.

१) 'दोन प्लगचे इंजिन' एवढेच सार मानले तर विमानांची पिस्टन इंजिने त्यात येतात. सुरक्षिततेसाठी त्यांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग देण्याची पद्धत फार जुनी आहे. अल्फा रोमिओच्या १९८० च्या दशकातील 'ट्विन स्पार्क' मोटारीही येतात. एवढ्या व्यापक अर्थाने पेटंट टिकणारच नाही.

२) लहान व्यास, विरळ मिश्रण व दोन प्लग एवढे घेतले आणि झडपा कितीही चालतील असे म्हटले, तर फ्लेम हद्दीत येते. पण याच अर्थाने होंडाच्या जुन्या पेटंटशी तुलना करावी लागते व वैधतेचा प्रश्न तीव्र होतो.

३) वरील गोष्टींबरोबर दोन झडपाही आवश्यक मानल्या तर पेटंटची बाजू वैधतेच्या दृष्टीने अधिक बळकट होते, पण फ्लेम हद्दीबाहेर जाते.

पेटंटधारकाला उल्लंघन दाखविताना दुसरी पायरी हवी असते व वैधता राखताना तिसरी. प्रतिवादीची इच्छा नेमकी उलट असते. दोघांच्याही या ओढीत काही गैर नाही. वकिलांचे ते कामच आहे. न्यायालयाचे काम मात्र एक पायरी निवडून दोन्ही प्रश्नांना तीच लावणे हे आहे. ही निवड अखेरपर्यंत झाली नाही, हे या वादाचे खरे अपयश म्हणावे लागते.

'लहान इंजिन' हा शब्द याच दृष्टीने बोधप्रद आहे. 'लहान' हे विशेषण एकटे असते तर त्यावर कितीही वाद घालता आला असता. ४५ ते ७० मि.मी. हा आकडा दिल्यामुळे तो मिटला. तरीही ही मर्यादा किती रुंद आहे ते पाहावे. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ७० मि.मी. व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ४५ मि.मी. वाल्याच्या सुमारे २.४ पट भरते. अर्थात आकड्यांनी शब्द निश्चित होतो, मर्यादित होतोच असे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने पुढे १ एप्रिल २०१३ च्या नोव्हार्टिस निकालात या मुद्द्याला स्पर्श केला. कर्करोगावरील औषधाच्या त्या प्रकरणात, आधीच्या पेटंटची हद्द त्या पदार्थापर्यंत पोहोचते पण त्या पेटंटने तो पदार्थ उघड केलेला नाही, असा युक्तिवाद होता. हद्द एका मापाने व उघडीक दुसऱ्या मापाने मोजण्याचा हा प्रयत्न न्यायालयाने स्वीकारला नाही. क्लेमच्या चतुर मांडणीवर हक्काची व्याप्ती अवलंबून राहू नये, असाही त्या निकालाचा सूर आहे. विषय औषधाचा असला तरी तत्त्व इंजिनालाही लागू पडते : जेवढे सांगितले, तेवढेच मागावे.

तपासणीतील व्यापक अर्थ व न्यायालयातील अर्थ

व्यापक वाचन सर्वस्वी वाईट, असा मात्र निष्कर्ष काढू नये. ते कोणत्या टप्प्यावर होते यावर सर्व अवलंबून आहे. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात अर्जाची तपासणी करताना क्लेममधील शब्दांचा वाजवी असेल तेवढा जास्तीत जास्त व्यापक अर्थ घेण्याची रीत आहे. यामागील कारण साधे आहे. तपासणीच्या वेळी अर्जदार क्लेम दुरुस्त करू शकतो. परीक्षकाने शब्द व्यापक वाचून जुने उदाहरण दाखविले की अर्जदार शब्द नेमका करतो, आणि पुढे जनतेला धूसर हद्दीचा त्रास होत नाही.

समजा, मोटारीच्या आसनावरील प्रकाशयोजनेसाठी कोणी अर्ज केला व क्लेममध्ये 'आसनाला जोडलेला दिवा' असे लिहिले. अर्जदाराच्या मनात गादीच्या शिवणीत बसविलेली प्रकाशपट्टी आहे. परीक्षक 'जोडलेला' हा शब्द व्यापक वाचून आसनाच्या लोखंडी चौकटीला स्क्रूने बसविलेला जुना दिवा पुढे करतो. अर्जदार अपिलात म्हणतो की आपल्याला असे म्हणावयाचे नव्हते. अशा वेळी अपिलात विचारला जाणारा प्रश्न एकच : म्हणावयाचे नव्हते, तर शब्दांत का घातले नाही? 'शिवणीत बसविलेली' हे दोन शब्द लिहिण्याची संधी त्याला होती.

याच नियमाची परीक्षा वाहनाच्याच एका भागावरून झाली. कुओझो कंपनीच्या पेटंटमध्ये वेगमापकासह वेगमर्यादा दाखविणारे साधन होते व वादाचा शब्दप्रयोग 'एकसंधपणे जोडलेले' असा होता. जोडलेले म्हणजे दोन वेगळे भाग असले पाहिजेत, की एकाच पडद्यावर दोन्ही गोष्टी दिसल्या तरी चालेल? पेटंट कार्यालयाच्या मंडळाने पहिला अर्थ घेतला व संबंधित क्लेम रद्द केले. २० जून २०१६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्यालयाचा व्यापक वाचनाचा नियम वैध ठरविला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या शब्दप्रयोगापुरता पेटंटधारकालाच अधिक व्यापक अर्थ हवा होता. नियमाचे नाव 'व्यापक' असले तरी 'वाजवी' ही अट वर्णनाकडे पाहूनच ठरते, हे यातून दिसते. पुढे त्या कार्यालयाने १३ नोव्हेंबर २०१८ पासून दाखल होणाऱ्या अशा पुनर्विचार प्रकरणांत न्यायालयांचाच निकष लागू केला, जेणेकरून एकाच शब्दाचे दोन ठिकाणी दोन अर्थ होऊ नयेत. प्राथमिक तपासणीत मात्र व्यापक वाचनाची रीत कायम आहे.

यातून बजाज वादावर थोडा प्रकाश पडतो. मंजुरीपूर्वी अर्जदाराला शब्द बदलता येतात. मंजुरीनंतर आपल्या कायद्यातील कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती केवळ हक्क सोडणे, चूक सुधारणे वा स्पष्टीकरण एवढ्यापुरतीच होऊ शकते व हद्द वाढविता येत नाही. मग जी हद्द दुरुस्तीने वाढविता येत नाही ती अर्थाने वाढविणे कितपत योग्य? व्यापक वाचनाची खरी जागा तपासणीच्या टेबलावर आहे. न्यायालयात अर्थ वर्णनाशी बांधलेलाच असावा.

दुसरी बाजू

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप येतो. शब्द काटेकोर वाचले तर मोठे कारखाने लहान शोधकाच्या क्लेममधील एखादी फट शोधून तेच यंत्र बनवतील; हेतुलक्ष्यी वाचन ही लहान माणसाची ढाल आहे, असा तो आक्षेप होय. त्यात तथ्य आहे. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण येथील फॅब्रिकेशनच्या दुकानांत शेती अवजारांत होणाऱ्या सुधारणा पाहिल्या तर हा धोका काल्पनिक वाटत नाही.

उदाहरणादाखल तिफणीचा विचार करता येईल. पारंपरिक तिफणीत चाड्यात सोडलेले बी तीन नळ्यांतून तीन फणांमागे पडते. एखाद्या कारागिराने चाड्याखाली फिरणारी चकती बसवून बी मोजून पडण्याची सोय केली व क्लेममध्ये 'तीन नळ्यांच्या पेरणी यंत्रातील फिरती चकती' असे लिहिले, तर चार नळ्यांचे यंत्र काढून दुसरा मोकळा होईल काय? हेतुलक्ष्यी वाचन येथे न्याय देते, कारण नळ्यांच्या संख्येचा चकतीच्या कामाशी संबंध नाही. पण त्याच कारागिराने मोहाने 'बी नळीतून सोडणारे कोणतेही साधन' असे लिहिले, तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली तिफणच त्याच्या हद्दीत येईल व पेटंट कोसळेल. लहान शोधकाचे संरक्षण करायचे तर त्याला नेमका क्लेम लिहिण्यास शिकविणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. न्यायालयाच्या उदार वाचनावर भिस्त ठेवणे परवडते ते बारा वर्षे वकील उभे करू शकणाऱ्यालाच.

अनिर्णीत अर्थाचे परिणाम

तडजोड करणे हा पक्षकारांचा अधिकार आहे आणि तिच्याबद्दल टीका करण्याचे कारण नाही. परंतु पेटंट हा दोन पक्षांमधील खाजगी करार नाही. तो सर्वांवर बंधनकारक असलेला हक्क आहे. २००२ पासून मोजता पेटंटची २० वर्षांची मुदत २०२२ मध्ये भरत होती; तडजोड झाली तेव्हा तीन वर्षांहूनही कमी काळ उरला होता. या संपूर्ण काळात तिसऱ्या एखाद्या उत्पादकाला तीन झडपांचे दोन प्लगवाले लहान इंजिन काढावयाचे असते, तर हद्द कोठे आहे हे सांगणारा अंतिम निर्णय त्याला कोठेही मिळाला नसता. २००८ चे उत्तर एक, २००९ चे दुसरे आणि नंतर मौन.

या पार्श्वभूमीवर पुढील काळातील बदल समाधानकारक वाटतात. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २७ नोव्हेंबर २०१५ च्या रोश विरुद्ध सिप्ला निकालात क्लेमचा अर्थ लावण्याची तत्त्वे सविस्तर मांडली. क्लेमची व्याप्ती त्यातील शब्द व त्या क्षेत्रातील तत्कालीन ज्ञान यांवरून वस्तुनिष्ठपणे ठरवावी, असा त्यांचा रोख आहे. त्याच न्यायालयाच्या २०२२ च्या पेटंट दाव्यांसंबंधीच्या नियमांत पक्षकारांनी क्लेममधील शब्दांच्या अर्थाविषयी आपले म्हणणे सुरुवातीलाच लेखी द्यावे अशी तरतूद आली. मद्रास उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये बौद्धिक संपदेसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. अर्थ आधी, उल्लंघन नंतर, हा क्रम २००७ मध्येच पाळला गेला असता तर वादाची दिशा निराळी झाली असती असे मानण्यास जागा आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने

कम्युनिटी कॉलेजमधील अध्यापकांना या प्रकरणाचा वर्गात उपयोग करता येईल. त्यासाठी कायद्याच्या जाड ग्रंथांची गरज नाही. मोटार मेकॅनिक, शिलाई यंत्र दुरुस्ती, वायरमन यांपैकी कोणत्याही वर्गात समोरच्या वस्तूवर पुढील क्रमाने अभ्यास देता येतो.

१) वस्तूत नवीन काय आहे ते विद्यार्थ्याने एकाच वाक्यात लिहावे.
२) त्या वाक्याचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा गाळून पाहावा. गाळल्यावर वस्तू तेच काम करते काय?
३) 'लहान', 'जवळ', 'सुमारे', 'जोडलेला' अशा शब्दांखाली रेघ मारावी व त्यांच्या जागी माप किंवा रचना सांगता येईल काय ते पाहावे.
४) वाक्यात बसणारी जुनी वस्तू शेजाऱ्याने शोधून काढावी. ती सापडली तर वाक्य आवळावे.
५) वाक्यात न बसणारी पण तेच काम करणारी नवी वस्तू दुसऱ्याने सुचवावी. ती सुचली तर वाक्य कोठे अकारण घट्ट झाले ते शोधावे.

चौथा व पाचवा अभ्यास एकापाठोपाठ केल्यास व्यापक व मर्यादित अर्थाची ओढाताण विद्यार्थ्याला स्वतःच्या वाक्यात अनुभवास येते. भाषेच्या अध्यापकांनाही येथे वाव आहे. मराठीत आपण बोलताना विशेषणे सढळ हाताने वापरतो. क्लेममध्ये प्रत्येक विशेषणाचा जाब द्यावा लागतो. सीमाभागातील विद्यार्थी घरी एक, बाजारात दुसरी व वर्गात तिसरी भाषा वापरतो. शब्द बदलला की अर्थाची हद्द सरकते याची जाणीव त्याला उपजतच असते. ती या कामी भांडवल ठरू शकते.

निष्कर्ष

बजाज–टीव्हीएस वादात विद्वत्तेची किंवा युक्तिवादाची उणीव नव्हती. उणीव क्रमाची होती. क्लेममधील शब्दांचा अर्थ पुराव्यानिशी, स्वतंत्रपणे व एकदाच ठरवून तो उल्लंघन व वैधता या दोहोंना सारखा लावणे आवश्यक होते. तसे न झाल्याने एकाच मजकुरातून पंधरा महिन्यांच्या अंतराने परस्परविरुद्ध आदेश निघाले, आणि अखेरचे उत्तर न येताच पेटंटच्या मुदतीचा बहुतेक काळ सरला. शब्द व्यापक वाचल्याने हक्क वाढतो ही समजूत अर्धीच खरी आहे. हद्द वाढते तेव्हा तिच्यात जुने ज्ञानही शिरते व हक्काचा पाया ठिसूळ होतो. न्यायालयांनी हा हिशेब दाव्याच्या आरंभी मांडावा आणि शोधकाने तो अर्ज लिहितानाच मांडावा. दुसऱ्या गोष्टीची तयारी करून घेणे अध्यापकांच्या हाती आहे.